मुदत संपलेला अ‍ॅडमिन पासवर्ड आणि डिरेक्टरी सर्व्हरचा परत मिळवलेला ताबा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. बाहेरचा सल्लागार म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी यात आलो, त्यामुळे पहिल्या संध्याकाळची हकिगत सर्व्हरच्या नोंदींवरून आणि तिथल्या मंडळींशी बोलून जुळवली आहे.

पार्श्वभूमी

महाविद्यालयाची सगळी लॉगिन ओपनएलडॅपवर, म्हणजे खाती आणि पासवर्ड एका जागी (डिरेक्टरीत) ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतात. लॅबमधले संगणक, वायफाय, ग्रंथालयाची प्रणाली, कर्मचाऱ्यांची मेल या सगळ्यांचे पासवर्ड एकाच डिरेक्टरीत तपासले जातात. सर्व्हर दोन, दोन्ही डेबियन या लिनक्स प्रणालीवर आणि ओपनएलडॅपच्या 2.4 मालिकेतले. एक मुख्य, ज्यावर लिहिलं जातं. दुसरा प्रतिरूप, जो मुख्य सर्व्हरकडून बदल उचलतो. निम्म्या लॅब मुख्य सर्व्हरला विचारतात, उरलेल्या प्रतिरूपाला.

डिरेक्टरीत तीन महत्त्वाची खाती होती. रोजच्या कामाचं अ‍ॅडमिन खातं, जे वापरून कार्यालयाचं वेब पॅनेल विद्यार्थ्यांची खाती उघडायचं. प्रतिरूप सर्व्हर ज्या नावाने मुख्य सर्व्हरवर लॉगिन करतो ते रेप्लिकेशनचं खातं. आणि रूटडीएन, म्हणजे ज्याला कुठलाही प्रवेश-नियम लागू होत नाही असा सर्वाधिकारी.

तीन महिन्यांपूर्वी माहिती-सुरक्षेचं ऑडिट झालं होतं. दर 90 दिवसांनी पासवर्ड बदललाच पाहिजे असा नियम नाही, असा शेरा ऑडिटरने मारला. तेव्हाच्या सिस्टिम अ‍ॅडमिननी पीपॉलिसी ओव्हरले (ओपनएलडॅपला पासवर्डचे नियम लावणारा जोडभाग) बसवून सगळ्यांना एकच सामायिक धोरण लावलं : मुदत 77,76,000 सेकंद म्हणजे बरोबर 90 दिवस, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद, आणि बंद झालेलं खातं कुणी हाताने उघडेपर्यंत बंदच. मुदत संपल्यानंतरच्या सवलतीच्या लॉगिनची संख्या शून्य. मग त्याच दुपारी त्यांनी अ‍ॅडमिन, रेप्लिकेशन आणि रूटडीएन, तिन्हींचे पासवर्ड बदलले. पुढच्या महिन्यात ते नोकरी सोडून गेले. हस्तांतरणाच्या फाइलमध्ये अ‍ॅडमिनचा नवा पासवर्ड होता, पण रूटडीएनचा ऑडिटच्या आधीचाच राहिला होता.

काय घडलं

गुरुवारी दुपारी प्रथम वर्षाच्या प्रवेशांची खाती उघडायचं काम चालू होतं. पावणेपाचच्या सुमारास पॅनेलने एकाएकी अ‍ॅडमिनचा पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगायला सुरुवात केली. नव्या सिस्टिम प्रमुख मॅडम त्या वेळी बैठकीत होत्या. लॅबच्या तंत्रज्ञाने पासवर्ड दोनदा नीट टाकून पाहिला, मग जुन्या फाइलमधले आणखी काही पासवर्ड वापरून पाहिले. पाच वाजायच्या आत खातं बंद पडलं. "मॅडम, पासवर्ड बरोबरच आहे हो, सकाळी याच्यानेच पन्नास खाती उघडली," असं तो सांगत होता, आणि त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, शिरावं तर तिथलं लॉगिनही डिरेक्टरीतूनच तपासलं जात होतं, म्हणजे तेही त्याच खात्यावर अडलेलं. संध्याकाळी कुणीतरी प्रतिरूप सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला. फरक पडला नाही, असं तेव्हा वाटलं.

शुक्रवारी सकाळी नवी तक्रार आली. ज्या विद्यार्थ्यांनी रात्री स्वतःचा पासवर्ड बदलला होता, त्यांना काही लॅबमध्ये नवा पासवर्ड चालत होता आणि काही लॅबमध्ये जुनाच. एव्हाना "कुणीतरी आत शिरलंय" ही चर्चा प्राचार्यांच्या कार्यालयापर्यंत पोचली होती, आणि नोकरी सोडून गेलेल्या अ‍ॅडमिनचं नाव दबक्या आवाजात घेतलं जात होतं.

निदान

मी गेल्यावर पहिली चाचणी केली ती पासवर्ड-धोरणाचा तपशील मागून लॉगिन करण्याची. साध्या लॉगिनला ओपनएलडॅप चुकीचा पासवर्ड, बंद खातं आणि संपलेली मुदत या तिन्ही बाबतींत एकच उत्तर देतो : कोड 49, ओळख अमान्य. खरं कारण हवं असेल तर क्लायंटने विनंतीसोबत पासवर्ड-धोरणाचा कंट्रोल (तपशील मागणारी जादा सूचना) जोडावा लागतो, आणि खातं बंद असल्याचं सांगण्याची सेटिंग सर्व्हरवर चालू असावी लागते. तो जोडल्यावर उत्तर आलं, "खातं बंद आहे".

इथे घाई झाली असती तर प्रकरण चुकीच्या दिशेने गेलं असतं. खातं बंद आहे म्हणजे कुणीतरी पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न केले, आणि तसे प्रयत्न म्हणजे हल्ला, असा तर्क समोर तयारच होता. पण बंद खात्याची तपासणी मुदतीच्या तपासणीआधी होते. खात्याला दोन्ही गोष्टी लागू असतील तर फक्त पहिलीच दिसते. गुरुवारी पावणेपाचला काय झालं हे शुक्रवारी सकाळच्या उत्तरावरून कळणार नव्हतं.

त्यासाठी सर्व्हरच्या आत जाणं भाग होतं. आभासी मशीन असल्यामुळे तिचा कन्सोल उघडता आला, आणि मशीनवर डिरेक्टरीशी संबंध नसलेलं एक स्थानिक रूट खातं होतं. त्याचा पासवर्ड प्राचार्यांच्या तिजोरीतल्या लिफाफ्यात होता. त्या एका लिफाफ्याने पुढचं सगळं शक्य केलं. तो नसता तर मशीन बंद करून बूटलोडरमधून शिरावं लागलं असतं, म्हणजे भर प्रवेशाच्या दिवसांत निम्म्या लॅबची लॉगिन थांबली असती.

आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी स्लॅपकॅट ही प्रत काढणारी आज्ञा चालवून संरचना (सर्व्हरच्या सेटिंग) आणि डेटा या दोन्हींची प्रत काढली. डेटा एमडीबी या प्रकारच्या साठ्यात असेल तर सेवा चालू असतानाही ही प्रत बिनधोक निघते. आणि या प्रतीतच निदान सापडलं, कारण तिच्यात एरवी नजरेआड राहणारे कामकाजी गुणधर्मही, म्हणजे सर्व्हरने स्वतः केलेल्या नोंदीही, येतात. अ‍ॅडमिनच्या नोंदीत पासवर्ड शेवटचा बदलल्याची वेळ होती 11 वाजून 10 मिनिटं. डिरेक्टरी वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिते. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, म्हणजे दुपारचे 4:40. त्याला बरोबर 90 दिवस गुरुवारी 4:40 ला पूर्ण झाले होते. चुकीच्या प्रयत्नांच्या पाचही वेळा त्यानंतरच्या, आणि खातं बंद झाल्याची वेळ 4:58. सर्व्हरच्या लॉगमध्ये 4:43 ला पीपॉलिसीची स्पष्ट ओळ होती : या नोंदीचा पासवर्ड मुदतबाह्य, सवलतीची लॉगिन शून्य. सगळे प्रयत्न एकाच पत्त्यावरून झाले होते, लॅब तंत्रज्ञाच्या संगणकावरून.

म्हणजे हल्ला नव्हता. सोडून गेलेल्या अ‍ॅडमिनने जाताना काही करून ठेवलेलंही नव्हतं. हे मॅडमनी त्याच तासाला प्राचार्यांना लेखी कळवलं. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत तातडीचं काम हेच होतं, कारण एका निर्दोष माणसावरचा संशय तासागणिक पक्का होत चालला होता.

एक प्रश्न उरला. एवढ्या हजारो खात्यांना एकच धोरण लागू असताना मुदत फक्त याच खात्याची का संपली? उत्तर त्याच प्रतीत होतं. पीपॉलिसी मुदत मोजते ती पासवर्ड बदलल्याच्या नोंदलेल्या वेळेपासून, आणि ही वेळ ओव्हरले बसवल्यानंतर झालेल्या बदलांचीच नोंदली जाते. ज्या नोंदीत ती वेळच नाही, तिचा पासवर्ड कधीच मुदतबाह्य होत नाही. विद्यार्थ्यांचे बहुतेक पासवर्ड ऑडिटच्या आधीचे होते. नव्या धोरणाखाली सगळ्यात आधी बदलले गेले ते अ‍ॅडमिन आणि रेप्लिकेशनचे पासवर्ड, म्हणून मुदतही सगळ्यात आधी त्यांचीच संपली.

आणि यावरूनच लॅबचं कोडं सुटलं. रेप्लिकेशन खात्याचा पासवर्ड अ‍ॅडमिननंतर बारा मिनिटांनी बदलला होता, म्हणजे तोही गुरुवारी 4:52 ला संपला. पण प्रतिरूप सर्व्हर मुख्य सर्व्हरशी कायमची जोडणी धरून बसतो, आणि पासवर्डची मुदत तपासली जाते ती फक्त नव्याने लॉगिन करताना. जोडणी तुटली नसती तर काम तसंच चालू राहिलं असतं. संध्याकाळच्या रीस्टार्टने ती तोडली. त्यानंतर प्रतिरूपाच्या लॉगमध्ये दर काही मिनिटांनी तोच कोड 49 पडत होता आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

समोरचे पर्याय

*जुन्या अ‍ॅडमिनला विचारणं.* मॅडमनी फोन केला, त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिलं, पण ऑडिटच्या दिवशी ठेवलेला रूटडीएनचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. आठवला असता तरी फोनवरून घेतलेला सर्वाधिकारी पासवर्ड वापरावा की नाही, यावर मी आक्षेपच घेतला असता.

*बुधवार रात्रीचा बॅकअप परत टाकणं.* हा सल्ला तिथे दोघांनी दिला. बॅकअपमध्ये पासवर्ड-बदलाची तीच वेळ असते, त्यामुळे मुदतही तितकीच संपलेली राहते. खातं बंद झाल्याची नोंद तेवढी पुसली गेली असती, आणि सोबत गुरुवारी सकाळी उघडलेली पन्नास खातीही.

*सर्व्हरचं घड्याळ मागे नेणं.* इंटरनेटवर हा उपाय सर्रास सुचवला जातो. डिरेक्टरीत प्रत्येक बदलावर वेळेवर आधारलेला क्रमांक बसतो आणि कुठला बदल नवा, कुठला जुना, हे प्रतिरूप त्यावरूनच ठरवतो. घड्याळ मागे नेऊन केलेले बदल जुने समजून टाकून दिले जाण्याचा धोका आहे. हा पर्याय मी चर्चेलाही घेतला नाही.

*धोरणच काढून टाकणं.* मुदत शून्य केली की ती लागूच होत नाही, पण धोरणाची नोंद डेटाच्या भागात असते आणि ती बदलायला हव्या असलेल्या अधिकाराचंच तर कुलूप होतं. चालू सर्व्हरवरून ओव्हरले काढण्याची सोय 2.4 मध्ये नाही.

*स्थानिक रूटचा मार्ग.* डेबियनच्या मूळ मांडणीत मशीनचा रूट वापरकर्ता एलडॅपआय या स्थानिक सॉकेटमधून, पासवर्डशिवाय, डिरेक्टरीच्या संरचनेचा मालक म्हणून ओळखला जातो. तो विद्यार्थ्यांच्या नोंदींना हात लावू शकत नाही, पण रूटडीएनचा पासवर्ड संरचनेतच असतो. तो बदलायचा, मग रूटडीएन म्हणून लॉगिन करून बाकीचं उघडायचं. रूटडीएनच्या लॉगिनला पीपॉलिसी अडवत नाही.

*सेवा थांबवून हाताने दुरुस्ती.* स्थानिक मार्ग बंद निघाला असता तर हाच उरला असता. संरचनेची प्रत काढायची, तिच्यात बदल करायचा आणि ती रिकाम्या जागी पुन्हा भरायची. इथे हमखास अडकायला होतं ते मालकीवर : रूटने भरलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि डेबियनवर ओपनएलडॅप नावाच्या वापरकर्त्याखाली चालणारी सेवा मग उठतच नाही.

निर्णय आणि कृती

स्थानिक रूटचा मार्ग निवडला. सुरुवात करण्याआधी मॅडमनी एक पानी टिपणी लिहिली : कशासाठी, कोण, कुठला पासवर्ड बदलणार. प्राचार्यांनी त्यावर सही केली. सर्वाधिकारी पासवर्ड कागदावर मंजुरी नसताना बदलणं आणि घुसखोरी करणं यांत सर्व्हरच्या नोंदींना काहीच फरक दिसत नाही. फरक करतो तो हा कागद. काम सुरू असताना कन्सोलपुढे मॅडम आणि मी दोघंही बसलो होतो, टाइप मॅडम करत होत्या.

आधी स्थानिक सॉकेटमधून "मी कोण" एवढंच विचारलं. उत्तरात वापरकर्ता शून्य, गट शून्य आला, म्हणजे मार्ग उघडा होता. संरचनेतून रूटडीएनचं नेमकं नाव वाचून घेतलं. स्लॅपपासडब्ल्यूडी या आज्ञेने नव्या पासवर्डचा हॅश (साठवायचं सांकेतिक रूप) तयार केला आणि पाच ओळींच्या बदल-फाइलने जुन्याच्या जागी ठेवला. सेवा रीस्टार्ट करावी लागत नाही, बदल त्या क्षणी लागू होतो. रूटडीएन म्हणून लॉगिन झालं आणि लगेच अ‍ॅडमिन खात्याला नवा पासवर्ड दिला. पासवर्ड बदलला की बंद खातं आपोआप उघडतं, चुकीच्या प्रयत्नांची यादीही पुसली जाते.

रेप्लिकेशनवर थोडा वाद झाला. मॅडमचं म्हणणं, तिथेही नवाच पासवर्ड ठेवू. तत्त्वतः ते बरोबर होतं. पण नवा पासवर्ड प्रतिरूपाच्या संरचनेतही लिहावा लागला असता, आणि त्या सर्व्हरवर स्थानिक रूटला मालकी देणारी ओळ कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली काढून टाकलेली निघाली. तिथे लिहायचं तर सेवा थांबवणं आलं. वाचायला मात्र अडचण नव्हती, कारण स्लॅपकॅट प्रवेश-नियम विचारात घेत नाही. प्रतिरूप कुठल्या पासवर्डने लॉगिन करतो हे त्याच्या संरचनेत उघड्या अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणून तोच पासवर्ड मुख्य सर्व्हरवर पुन्हा एकदा लावला. जुना पासवर्ड परत वापरू नये हा नियम रूटडीएनला लागत नाही, आणि पुन्हा लावल्यामुळे बदलाची वेळ नवी झाली. पुढच्याच प्रयत्नाला प्रतिरूप जोडला गेला आणि अडकलेले बदल उचलू लागला. दोन्ही सर्व्हरचे बदल-क्रमांक जुळल्याचं पाहिल्यावरच पॅनेल पुन्हा सुरू केलं.

परिणाम

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रथम वर्षाची उरलेली खाती उघडली गेली. एकही नोंद गमावली नाही, मुख्य सर्व्हर एकदाही थांबला नाही. प्रतिरूपाचं काम रविवारी केलं : सेवा थांबवून संरचना दुरुस्त केली, स्थानिक रूटची ओळ परत घातली आणि रेप्लिकेशनचा पासवर्ड दोन्हीकडे बदलला.

रेप्लिकेशन आणि वायफायच्या सेवा-खात्यांना मुदत नसलेलं वेगळं धोरण जोडलं. सामायिक धोरणात सवलतीची तीन लॉगिन दिली. पॅनेल आता पासवर्ड-धोरणाचा तपशील मागतं, त्यामुळे मुदत संपायच्या आधीच सूचना दिसते. जुन्या पॅनेलने ती कधीच मागितली नव्हती, म्हणून सर्व्हर सात दिवस आधीपासून सूचना द्यायला तयार असूनही ती कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचली नाही. एकाच सामायिक अ‍ॅडमिन खात्याऐवजी मॅडम आणि तंत्रज्ञ यांना त्यांच्या नावाची स्वतंत्र खाती मिळाली. रूटडीएनचा पासवर्ड दोन सीलबंद लिफाफ्यांत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला.

काय वेगळं करता आलं असतं

धोरण बसवण्याआधी एखाद्या चाचणी खात्याला एक तासाची मुदत लावून ते संपू द्यायला हवं होतं. त्या एका तासात पॅनेल काय दाखवतं, लॉगमध्ये काय येतं आणि कायमच्या जोडणीचं काय होतं, हे तिन्ही समजलं असतं. सेवा-खात्यांना वेगळं धोरण लावणं त्याच दिवशी सुचायला हवं होतं. यंत्र पासवर्ड बदलायची सूचना वाचत नाही.

पहिल्या संध्याकाळी, बरोबर पासवर्ड दोनदा नाकारला गेल्यावर थांबायला हवं होतं. पुढच्या प्रयत्नांनी मुदतबाह्य खातं बंदही झालं आणि खरं कारण दुसऱ्या कारणाआड दडलं. लॉग शाबूत होते, हे मात्र संस्थेच्या बाजूने सांगायला हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत 180 दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगितलं आहे आणि इथे ते पाळलं होतं, त्यामुळे ऑडिटच्या दिवशीची पासवर्ड-बदलाची नोंदसुद्धा ताडून पाहता आली.

मोठा मुद्दा ऑडिटच्या शेऱ्याचा आहे. 90 दिवसांचा नियम कागदावर लागू झाला. प्रत्यक्षात तो हजारो जुन्या खात्यांना शिवलाही नव्हता आणि ज्यांनी पासवर्ड बदलण्याचं भान दाखवलं त्यांनाच अडवत होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला लावा, असं म्हटलं आहे. मला ते पटतं, आणि मी संस्थेला तसं लेखी दिलं. संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मधला मार्ग घेतला : नव्या शैक्षणिक वर्षात वर्गवार एकदा सगळ्यांचे पासवर्ड बदलून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक नोंदीत बदलाची वेळ येईल, आणि मुदत 90 ऐवजी 365 दिवसांची ठेवायची. वर्गवार अशासाठी, की वर्षभराने सगळ्या महाविद्यालयाची मुदत एकाच दुपारी संपू नये. शेऱ्याला पाठवलेल्या उत्तरात हे बदल आणि त्यांची कारणं नमूद केली आहेत. ऑडिटरचा निर्णय अजून यायचा आहे.